गाळणी कुणासाठी?

सेमिनारला ‘एअर फिल्टरची निवड’ हा विषय घेतला तेव्हा मित्र म्हणाला, “त्यात काय बोलणार बे? सगळ्यात महागाचा लाव, झालं!”

खरं तर आपण नागपूरकर फिल्टरचा विचारच करत नाही. उन्हाळा आला की कूलर काढायचा, वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, बस्स! ओल्या ताटीवर थोडी जाडी धूळ अडते, पण बारीक कण आरामात आत येतात. एसीची जाळी तरी कशासाठी? मुख्यतः कॉइलवर धूळ बसू नये म्हणून. म्हणजे फिल्टर आहे, पण मशीनसाठी!

माणसासाठी फिल्टर निवडायचा तर पहिला प्रश्न, हवेत नेमकं काय आहे? जिनिंगमध्ये कापसाची धूळ, कोराडीला कोळशाची राख, वेल्डिंगपाशी धूर. पेंटच्या वाफा तर धुळीच्या फिल्टरने अडतच नाहीत, तिथे ॲक्टिव्हेटेड कार्बन लागतो.

दुसरा प्रश्न, कण किती बारीक? २०१६ च्या आयएसओ १६८९० मानकात फिल्टरचे गट १०, २.५ आणि १ मायक्रॉनच्या कणांवरून पाडले आहेत. जाडे कण नाकाघशात अडतात, बारीक मात्र थेट फुप्फुसात खोलवर जातात.

तिसरा प्रश्न, पंख्याला झेपेल का? हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, पण हवेलाही बराच अडथळा करतो. साध्या पंख्यापुढे तो लावला तर खोलीत हवाच कमी येईल. जिनिंगमध्ये तर तो लगेच गच्च होईल. म्हणून मशीनपाशीच धूळ ओढून घ्यायची, मग आधी जाडा फिल्टर, नंतर बारीक, आणि वेळेवर बदलायचा.

जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू केली आणि आपलं शहर कापडाचं झालं. कापसाच्या धुळीने बिसिनोसिस नावाचा आजार होतो. सुटीनंतर कामावर गेलं की पहिल्याच दिवशी छाती आवळते, म्हणून त्याला ‘मंडे फीव्हर’ म्हणतात. एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली, पण विदर्भात जिनिंग आजही चालतं. आणि आमच्याकडे? कॉम्प्युटर लॅबला एसी, ग्राइंडरपाशी एकच एक्झॉस्ट फॅन!

उद्या आपल्यापैकी कुणीतरी अशा कारखान्याचं डिझाइन करेल. मित्रांनो, कॅटलॉग उघडायच्या आधी तिथल्या कामगाराला एवढं विचारा, “काका, सोमवारी छाती जड होते का?”