गोसेच्या काठावरची टिपणे

समुद्र भंडाऱ्यापासून फार लांब. तरी पवनी तालुक्यात आज किनारा आहे आणि तो रोज थोडाथोडा सरकतो. गोसीखुर्दला वैनगंगा अडवली. 11 किलोमीटरहून लांब मातीचा बांध, नदीच्या धारेवर 33 दरवाजे, मागे 1146 दशलक्ष घनमीटर पाणी मावेल एवढी जागा. सरकारदरबारी नाव इंदिरासागर. एसटीत, चहाच्या टपरीवर, वर्तमानपत्राच्या मथळ्यात मात्र 'गोसे'.

*

22 एप्रिल 1988 रोजी राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले. तेव्हाचा अंदाज 372 कोटींचा. 2009 साली राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. खर्च आता 18,000 कोटींच्या पलीकडे गेला आहे. त्या दिवशी आईच्या कडेवर बसून गर्दी पाहणारे पोर आज चाळिशीला टेकले. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर मिळून अडीच लाख हेक्टर भिजणार होते. काही भिजले, हे खोटे नाही. पण नहराच्या शेवटच्या टोकाला धान करणाऱ्याला विचारा, तो आधी आभाळाकडे पाहील.

*

पवनीला नदीकाठी वस्ती कधीपासून? गावाला तीन बाजूंनी मातीचा कोट आणि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा. चौथी बाजू बांधायची गरजच पडली नाही. 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने जगन्नाथ टेकडी खणली. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांचे ते काम. टेकडीच्या पोटात मोठा बौद्ध स्तूप निघाला. खांबांवर ब्राह्मीत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली. पाच फण्यांच्या नागाचे शिल्प निघाले, त्याच्यावर त्याचे नावही कोरलेले: मुचरिंद. म्हणजे या काठच्या समाजाची सगळ्यात जुनी यादी ही वर्गणीदारांची आहे. सातबाऱ्यापेक्षा बरी, कारण तिच्यावरून कोणाला उठवता येत नाही.

*

थोडे वर गेले की आंभोरा. पाच नद्यांचा संगम, टेकडीवर चैतन्येश्वर. मुकुंदराजाने 'विवेकसिंधु' इथेच रचला, असे विदर्भ मानतो. अंबेजोगाईकर मानत नाहीत. ग्रंथाचा शक 1110 सांगितला जातो. वादात मी पडत नाही. एवढे खरे की आंभोऱ्याच्या पायथ्याशी आता धरणाचे फुगलेले पाणी आहे आणि त्यावर तारांचा झुलता दिसणारा नवा पूल. रविवारी नागपूरची पोरे पुलावर फोटो काढायला येतात, मंदिरात फार थोडी जातात.

*

भंडारा तलावांचा जिल्हा. हे तलाव सरकारने बांधलेले नाहीत. गोंड राजांच्या काळात, जो तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन, असा शिरस्ता होता असे सांगतात. बांधकामात कोहळी समाजाचा हात धरणारा कोणी नव्हता. पाळ कुठून घ्यायची, पाणी सोडायचे तुडूम कुठे ठेवायचे, जादा पाणी कोणत्या अंगाने काढून द्यायचे, हे त्यांना डोळ्यांनी कळायचे. मोठ्या तलावाखाली लहान बोड्या, एकीचे ओसंडलेले पाणी दुसरीत. 1951 मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. लोक आजही त्यांना मामा तलाव म्हणतात, माजी मालगुजारीतला 'मा-मा'. पाळ फुटली की पूर्वी गाव फावडे घेऊन धावायचे. नंतर अर्ज घेऊन धावू लागले.

ज्या जिल्ह्याने नकाशे न काढता असे पाणी राखले, त्याच्या उशाशी राज्यातले एक मोठे धरण उभे राहिले आणि तुडुमाच्या जागेबद्दल गावाला कोणी एका शब्दाने विचारले नाही.

*

आता ढिवरांबद्दल, कारण या काठावर पाण्यावर जगणारे खरे तेच.

ढिवराला जमीन क्वचितच असते. त्याचे शेत म्हणजे नदी. हिवाळ्यात वैनगंगा आटू लागली की उघड्या रेतीत डांगरवाड्या लागायच्या. रेतीत खड्डा, खड्ड्यात शेणखत, त्यात बी. टरबूज, डांगर, काकडी. उन्हाळ्यात घरची माणसे वाडीवरच झोपायची. पावसाळ्यात डोंगा आणि जाळे. तलावात शिंगाडा. नदी, रेती, तलाव मिळून बारा महिन्यांचे पोट जेमतेम भरायचे.

धरणाने वरच्या अंगाच्या वाड्या बुडवल्या. धार होती तिथे साचलेले पाणी आले. धारेच्या मासोळ्या कमी झाल्या आणि बीज सोडून वाढवायचे कटला, रोहू आले. बीज सोडायचे म्हणजे ठेका आला, ठेका म्हणजे पैसा, आणि पैसा ढिवराकडे नाही. ज्याच्या आजोबाने त्या डोहात कोणाला न विचारता जाळे टाकले, त्याच्या नातवाला आता पास लागतो. नुकसानभरपाईच्या कागदात घर, विहीर, झाड यांना रकाने आहेत. डोहाला रकाना नाही, कारण डोह कोणाच्या नावावर नव्हता.

मामा तलावांवर मात्र ढिवरांनीच, त्यातही बायकांनी, एक काम करून दाखवले आहे. भंडारा-गोंदियात काही गावांत उन्हाळ्यात तलावाचा तळ उघडा पडला की त्या बेशरमाची झुडपे मुळासकट उपटतात, तळ नांगरतात आणि पाऊस पडल्यावर तिथे देशी पाणवनस्पती रोवतात, धानाची रोवणी करावी तशा. मासोळीला अंडी घालायला आणि पिलांना लपायला जागा होते. दोन-तीन पावसाळ्यांत जुन्या जातीची मासोळी परत येते. हे ज्ञान कुठल्या पुस्तकातले नाही. कोणती वनस्पती कोणत्या मासोळीला लागते, ते घरातली म्हातारी सांगते. गोसेच्या जलाशयात हे जमणार नाही. तिथली पाण्याची पातळी ऋतू पाहून हलत नाही, दरवाजे पाहून हलते.

*

नागपूरचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. पूर्वी हे वाहून जायचे. आता गोसेत येऊन थांबते. उन्हाळ्यात भंडाऱ्याकडे पाणी हिरवे-काळे दिसते, वर जलपर्णीचा थर. उपराजधानीचे शहर फ्लश ओढते आणि खालचे गाव नळ सोडून वास घेते. नागपूरकरांनी रागावू नये.

*

1954 च्या पोटनिवडणुकीत डॉ. आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेला उभे होते आणि हरले. जिल्ह्याला ही आठवण बोचते. पण बुद्धाचे नाव या काठावर परत आले ते त्यांच्यामुळेच. आज पवनीजवळ रुयाडला नवा महास्तूप आहे, जगन्नाथ टेकडीच्या जुन्या स्तूपापासून फार लांब नाही. मधल्या काळात बरीच शतके काठावर कोणी तथागताचे नाव घेतले नसावे.

*

पुनर्वसनाच्या गावठाणात गेलात तर रस्ते काटकोनात भेटतात. जुन्या गावात एकही रस्ता सरळ नव्हता. 18 नागरी सुविधा द्यायच्या असा नियम: शाळा, समाजमंदिर, पाण्याची टाकी, स्मशानशेड वगैरे. टाकी दिसते. गोठ्याला जागा दिसत नाही. भूखंडात घर बसते, तणसाचा ढीग बसत नाही. मग गाई-बैल विकले जातात, शेणखत जाते, आणि बैल गेले की बैलांच्या शर्यतीचा शंकरपटही फक्त बघायचा उरतो.

पाथरीसारखी गावे उठायला तयार नव्हती. विलास भोंगाडे यांच्या गोसीखुर्द प्रकल्पग्रस्त संघर्ष समितीने वर्षानुवर्षे मोर्चे काढले, लोक नदीच्या पाण्यात उतरून उभे राहिले. 2013 मध्ये सुमारे 1,200 कोटींचे पॅकेज आले. तोवर पाणी अंगणात आलेले होते.

मंडई मात्र बुडाली नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, दिवसा दंडार, रात्री नाटक, घराघरांत पाहुणे. नव्या गावठाणांतही ती भरते. जुन्या गावाचे लोक तीन-चार ठिकाणी विखुरले असतील तर मंडईला एकत्र येतात. लग्नाच्या सोयरिकी तिथेच ठरतात. पुनर्वसन खात्याच्या यादीत ही सुविधा नाही.

*

ऑगस्ट 2020 च्या शेवटी वरून मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचे पाणी आले, भंडारा शहरात शिरले. गोसेचे तेहतीसही दरवाजे उघडले गेले. खाली ब्रह्मपुरी, वडसापर्यंत हाहाकार. धरण झाले की पूर थांबतो, असे आम्हाला शाळेत शिकवले होते.

*

पावसाळा सरल्यावर पाणी मागे हटू लागते आणि ओल्या गाळाची जमीन उघडी पडते. तिला गाळपेर म्हणतात. खत लागत नाही, हरभरा-लाखोळी झकास येते. वाटपात ज्यांची जमीन बुडाली त्यांना आधी द्यायची, असा नियम आहे. नियम चांगला आहे. यादी गावात चावडीवर लावा, एवढेच मागणे.

*

2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्पाला मान्यता दिली. 87,342 कोटी रुपये, 426 किलोमीटरचे कालवे, गोसेचे पाणी थेट बुलढाण्यापर्यंत. बुलढाण्याच्या शेतकऱ्याला पाणी मिळू नये असे वैनगंगेकाठचा माणूस म्हणणार नाही, तहान त्याला कळते. पण नवा नहर खोदण्याआधी तीन कामे उरकावीत: गोसेच्या नहराचे पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोचवावे, नागचे पाणी नागपूरलाच शुद्ध करावे, आणि जलाशयातली मासेमारी ठेक्याविना काठच्या ढिवर संस्थांच्या हाती द्यावी. तिन्ही कामे मिळून 87,342 कोटी लागणार नाहीत.