तपकिरी कल्ले

मासा ताजा आहे की नाही हे बाबा अंगठ्याने ठरवत. कल्ल्याचं झाकण नखाने उचलायचं, आत लालभडक दिसलं तर ठीक, फिकट दिसलं तर पुढच्या टोपलीकडे. धाकट्या डहाणूत जन्मलेला, बांबूंवर वाळणाऱ्या बोंबलांच्या वासात वाढलेला माणूस. चाळीस वर्षं समुद्रावर गेला. काचेच्या पेटीत मासे ठेवून बघत बसायचे, ही कल्पना आमच्या घरात कुणाला सुचली नसती. पेटी आली तेव्हा आई म्हणालीही, ‘‘आपण मांगेले, मासेमार. आपण कधी मासे पाळतो का?’’

पेटी आली ती भूकंपामुळे. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत जमीन हलायला लागली होती. धुंदलवाडी, हळदपाडा, आजूबाजूचे पाडे. आधी सुरुंग उडाल्यासारखा आवाज यायचा, मग मांडणीवरची भांडी वाजायची. मी तेव्हा तलासरी तालुक्यात शाळेवर होते, नवऱ्याची नोकरी वापीला, मुलगी सहा वर्षांची. 1 फेब्रुवारी 2019 ला एकाच दिवसात धक्क्यामागून धक्के बसले, मोठा होता तो चार रिश्टरच्या वरचा. त्या दिवशी हळदपाड्यात घराबाहेर पळताना पडून दोन वर्षांची एक पोर गेली. ही बातमी आमच्या मुलीच्या कानावर पडायला नको होती, पण पडली. त्यानंतर ती छपराखाली झोपेना. अंगणात ताडपत्री बांधून आम्ही थंडीत कुडकुडत रात्री काढल्या. तेव्हा पाड्यापाड्यांवर हेच चाललं होतं.

आठवड्याने बाबा आले. रिक्षातून दोन फुटी काचेची टाकी उतरवली, छप्पन्न-सत्तावन्न लिटरची. वापीहून चार गोल्डफिश, चार काळ्या मोली आणि थोडे गप्पी आणले. खडी धुऊन घातली, हवेचा पंप लावला, स्पंजची गाळणी बसवली, निळा दिवा लावला. मग नातीला टाकीसमोर बसवून म्हणाले, ‘‘जमीन हलली तर हे पाणी हलेल. रात्री जाग आली की इकडे बघायचं. पाणी नुसतं बुडबुड करतंय ना? मग निजायचं.’’

त्या रात्री ती घरात झोपली. मध्येच उठून बसायची, निळ्या उजेडात बघायची, पुन्हा आडवी व्हायची. खरा धक्का बसला की चारही काचांकडून बारीक लाटा निघून मध्ये एकमेकींवर आदळायच्या, मासे एका कोपऱ्यात गोळा व्हायचे. हैदराबादहून शास्त्रज्ञांनी येऊन आमच्या भागात यंत्रं बसवली होती. आमच्या घरातलं यंत्र ही टाकी होती, आणि तिच्यावर माझ्या लेकीचा पुरा विश्वास होता.

तिसऱ्या आठवड्यात मासे वर आले. सगळे पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड लावून आ वासत होते. बाबांनी पंप वाढवला. बुडबुड्यांनी टाकी भरून गेली, तरी ते हवेसाठी तडफडतच होते. संध्याकाळी मोठा गोल्डफिश आडवा झाला. अंगावर जखम नाही, ठिपका नाही, शेपूट शाबूत. बाबांनी तो तळहातावर घेतला आणि आयुष्यभराच्या सवयीने अंगठा कल्ल्याखाली गेला.

‘‘हा आत्ता मेलाय,’’ ते म्हणाले, ‘‘आणि कल्ले असे का?’’

मी वाकून बघितलं. लाल नव्हते. चॉकलेटसारखे तपकिरी होते. शिळ्या मासळीचे कल्ले फिकट पडतात, मग तपकिरी होतात, पण आत्ता मेलेल्या माशाचा हा रंग त्यांनी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता. बराच वेळ ते मासा उजेडात धरून बसले होते.

रात्री त्यांनी टाकीत चमचाभर खडे मीठ विरघळवलं. का, तर म्हणाले, मिठात मासा टिकतो. सकाळी उरलेले मासे खाली उतरले होते, दोन दिवसांनी खायलाही लागले. तिसऱ्या दिवशी एक मोली मेली, आणि आम्ही सगळेच घाबरलो. टाकी अंगणात नेली. सगळं पाणी ओतून दिलं. खडी उकळत्या पाण्यातून काढली, स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळला, काचा घासल्या आणि नळाचं ताजं पाणी भरलं. आमच्या नळाच्या पाण्याला जंतू मारणाऱ्या टीसीएल पावडरचा वास यायचा. पिण्यासाठी ते चांगलंच होतं.

मग हेच सुरू झालं. चार दिवस बरे जायचे, मग कुणी तळाशी जाऊन बसायचं, कुणाच्या अंगावर रव्याचे दाणे चिकटल्यासारखे पांढरे ठिपके यायचे, एकाचे खवले अननसासारखे उभे राहिले. एक मेला की आम्ही टाकी उपसायचो. दुकानदाराने दिलेलं निळं औषध घातलं. नवीन मासे आणले, तिसऱ्या आठवड्यात तेही वर आले. शेजारी म्हणायचे, धक्क्यांनी मरतात, मुक्या जिवांना जमिनीतलं आधी कळतं. तेव्हा आमच्याकडे सगळ्याच गोष्टींचा दोष भूकंपाला जायचा, आम्हीही दिला. मुलीने चिकूच्या झाडाखाली सतरा मासे पुरले.

शेवटची मोली गेली त्या रात्री बाबा ओट्यावर बसले होते. म्हणाले, ‘‘माझ्या हाताला मासा जगायचा नाही. हा हात मारायचाच आहे.’’ मी काहीतरी म्हणाले असेन. त्यांना पटण्यासारखं काही माझ्याकडे नव्हतं. मासे नसले तरी टाकी पाण्याने भरून ठेवायची, असं त्यांनी सांगितलं, कारण नातीला रात्री बघायला पाणी हवं होतं. पुढे दीड वर्ष ती बिनमाशांची टाकी निळ्या दिव्यात भरलेली होती.

2021 च्या दिवाळीआधी बाबा गेले, झोपेतच.

त्यानंतर दोन वर्षांनी माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. तो कोळंबीच्या तलावावर काम करतो. दिवसभर काचेच्या नळीत थेंब टाकून पाण्याचा रंग बघायचा, हे त्याचं काम. टाकीची गोष्ट निघाली तेव्हा मी सहज कल्ल्यांचा रंग सांगितला. तो पटकन म्हणाला, ‘‘बाई, तिसऱ्या आठवड्यात मेले का?’’

मग त्याने जे सांगितलं ते मी पुढे महिनाभर वाचत राहिले. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. तो विषारी. खडीवर आणि स्पंजात वाढणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, ते पण विषारी. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते थोडं साचलं तरी मासा सोसतो. ही दोन्ही बिऱ्हाडं नव्या टाकीत वसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि मधल्या काळात नायट्राइट चढतं. ते रक्तात शिरलं की रक्त प्राणवायू धरत नाही, तपकिरी होतं. मासा भरपूर हवेत गुदमरतो. उतारा काय, तर मीठ. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

म्हणजे बाबांनी रोग ओळखण्याची खूण बघितली होती, औषधही बरोबर दिलं होतं. दोन दिवस ते लागूसुद्धा पडलं. पुढे आम्ही जे धुतलं ते नेमकं माशांना जगवणारं होतं. उकळत्या पाण्याने, नळाखाली, टीसीएलने, निळ्या औषधाने आम्ही ते जिवाणू दर वेळी मारले आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर आणून ठेवली. बाबांचा हात मारायचा नव्हता. हे मी आता ठामपणे सांगू शकते, आणि ज्यांना सांगायला हवं होतं ते ऐकायला नाहीत.

टाकीत आता सहा गप्पी आहेत, दोन वर्षं होतील. जमीन अजून मधूनच हलते. मुलगी अकरावीत जाईल तेव्हा टाकी कुठे न्यायची, हे तिनेच ठरवून ठेवलंय.

तुमच्या घरी टाकी असेल आणि मासे वर येऊन आ वासत असतील, तर टाकी उपसू नका. दोन दिवस खाणं बंद करा. पाव भाग पाणी बदला, तेही बादलीत दिवसभर ठेवलेलं. चमचाभर खडे मीठ घाला. स्पंज धुवायचाच असेल तर टाकीच्याच काढलेल्या पाण्यात हलका बुचकळा, नळाखाली धरू नका. आणि एखादा मेलाच, तर फेकण्याआधी त्याचा कल्ला उचलून बघा.