लिंक खंय गेली?

संगणक एकटा असला की मुकाट्याने हिशेब करतो. दुसऱ्या संगणकाशी बोलू लागला की लफडी सुरू होतात. माणसाचेही तेच आहे, पण तो विषय निराळा.

आमच्या फोंडाघाटच्या शाखेत पाच संगणक आहेत. पाचांच्याही वायरी एका डबीत जातात, तिला स्विच म्हणतात. मधे डबी आणि भोवती संगणक, या मांडणीचे नाव स्टार. एक वायर तुटली तर एकच कारकून रिकामा बसतो. डबी बिघडली तर आम्ही पाचही जण सुखी! पूर्वी बस नावाची मांडणी असे. एकच केबल आणि तिला सगळे लोंबकळलेले. ती कुठेही तुटली की सगळेच ठप्प. हे नाव ठेवणाऱ्याने पावसाळ्यात आमच्या घाटातून एस.टी.ने प्रवास केला असावा.

स्विचच्या आधी हब होता. हबाकडे एकासाठी निरोप दिला की तो सगळ्यांना ओरडून सांगे. असे हब आमच्या बाजारपेठेत आजही चालू स्थितीत आहेत. स्विच मात्र कोणाचे घर कुठल्या वायरीवर आहे ते ध्यानात ठेवतो नि ज्याचे त्यालाच देतो. जुन्या पोस्टमनसारखा.

हे झाले घरातल्या घरात बोलणे, म्हणजे लॅन. गावाबाहेर बोलायचे तर राउटर लागतो, आणि त्या पसाऱ्याला वॅन म्हणतात. गिऱ्हाइकांची खाती आमच्या शाखेत नसतातच मुळी. ती दूर कुठल्या शहरातल्या डेटा सेंटरात असतात. त्यामुळे वॅन तुटले, तर साहेबांच्या केबिनमधून ‘रजा नामंजूर’ असा कागद माझ्याजवळच्या प्रिंटरवर बिनतक्रार छापून येतो, पण काउंटरपलीकडच्या माणसाचे शंभर रुपये काही दिसत नाहीत. याला ‘लिंक गेली’ म्हणतात.

आता फायबर आले आहे, ते तुटले तर सिमकार्डावर चालणारा राउटरही आहे. पण २००९ साली आमच्या गच्चीवर व्हीसॅटची छत्री होती. कणकवली इथून २० किलोमीटरच्या आत. आमचा निरोप मात्र आधी ३६,००० किलोमीटर वर उपग्रहाकडे जाई, तेवढाच खाली येई आणि उत्तरही त्याच वाटेने. सगळे मिळून अर्धा सेकंद! वेगाबद्दल तक्रार नव्हती हो. पण फोंड्याचा पाऊस कोसळू लागला की संकेत वाटेतच जिरे. पाऊस आला की कामातून जाणारी छत्री मी तेवढी एकच पाहिली.

त्या जुलैत एक आजी आल्या.

“झिला, घोवाक कोल्हापुराक न्हेवचो आसा. आठ हजार दी.”

“आजी, लिंक गेलीय.”

“खंय गेली?”

मी बोटाने वर दाखवले. त्यांनी वर बघून घाईघाईने हात जोडले.

“पैशे माजे, बँक ही फुड्यात, तू पण हयसर. मगे गेला कोण?”

तिजोरीत रोकड होती. पण शिल्लक दिसल्याशिवाय देता येत नव्हती. आजी उठल्या नि समोरच्या किराणा दुकानात गेल्या. दुकानदाराने सही जुळवली नाही की शिल्लक पाहिली नाही. पाच हजार गल्ल्यातून काढले, तीन शेजारच्या दुकानातून मागवले. अर्ध्या तासात नवरा-बायको घाट चढत होती.

एक वाट बंद झाली तर दुसरी, अशा जाळ्याला मेश म्हणतात. फोंडा घाटात दरड आली तर करूळ घाटाने गगनबावड्यावरून कोल्हापूर गाठता येते, नाहीतर आंबोली आहेच. इंटरनेटवरचे राउटरही अशीच वाट बदलतात. आमच्या शाखेला मात्र एकच वाट, तीही आभाळातून. मी तिन्ही घाटांच्या नावांसकट दुसरी लाइन मागणारे पत्र वर पाठवले. उत्तर आले, ‘घाटांचा बँकेशी संबंध स्पष्ट करावा.’

मी तो स्पष्ट करीत बसलो होतो, तेवढ्यात आजी हजर. नवरा घरी परतला होता. आता दुकानदाराचे पैसे फेडायचे होते.

“आज लिंक आसा मां?”

“आहे, आहे.”

“मगे बेगीन दी. पाऊस येता.”