मले इचारलं कोनी?

दिवाळीच्या दिवसांत आपल्याकडे ‘नाही’ या शब्दाला फारशी किंमत नसते. पाहुणा ताटावर आडवा हात धरून ‘नको, नको’ म्हणत असतो आणि घरची माउली त्याच्या बोटांच्या फटीतून अनारसा खाली सोडत असते. त्याचा नकार हा शिष्टाचार आणि तिचा आग्रह हे प्रेम, असे दोघेही धरून चालतात. फराळाच्या ताटापुरता हा व्यवहार मोठा गोड आहे. पण हीच सवय आपण घराबाहेर नेतो, आणि ताटाच्या जागी रस्त्यावर पडलेला जखमी माणूस असतो, तेव्हा मात्र जरा थांबून विचार करावासा वाटतो. अशा माणसाने ‘मला नेऊ नका’ म्हटले तर त्या ‘नाही’चे करायचे काय?

आमचे ऊर्जानगर म्हणजे चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राची वसाहत. एका अंगाला उंच धुरांडी, दुसऱ्या अंगाला ताडोबाचे रान. मोहर्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक, पाळीला निघालेल्यांच्या दुचाक्या आणि वाघ पाहून परतणाऱ्यांच्या मोटारी यांची सदैव सरमिसळ चाललेली. येथे अपघात ही काही नवलाची गोष्ट नव्हे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस अशाच एका मोटारीचा धक्का आमच्या ओळीतल्या एका आजीला लागला. भाजीची पिशवी एकीकडे, चप्पल दुसरीकडे, आणि म्हातारी रस्त्याच्या कडेला बसलेली. गुडघा फुटलेला, कपाळाच्या बाजूला टेंगूळ.

मी पोचलो तेव्हा तिच्याभोवती दहा-पंधरा माणसे जमून तिचे भवितव्य ठरवीत होती. एक म्हणे चंद्रपुराला न्या, दुसरा म्हणे सरळ नागपूर गाठा. कुणीतरी १०८ क्रमांक फिरवला होता. रुग्णवाहिका आली तशी चौघांनी आजीला खांद्याखाली धरून उचलायला सुरुवात केली. तेव्हा ती एकदम ओरडली, “कायले नेता रे मले? मले इचारलं कोनी?”

खरेच, तिला कुणीच विचारले नव्हते. चौकशी सगळी तिच्याविषयी चालली होती. तिच्याशी कुणी बोलत नव्हते.

महाराष्ट्रात ही १०८ ची सेवा २०१४ साली सुरू झाली. ती विनामूल्य आहे आणि तिच्या गाडीत चालकाबरोबर एक डॉक्टरही असतो. त्या दिवशीच्या गाडीत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी प्रथम त्या चौघांना बाजूला केले आणि आजीपुढे उकिडव्या बसल्या. नाव काय, आज वार कोणता, आपण कुठे आहोत, काय झाले, हे सारे तिलाच विचारले. आजीने सगळी उत्तरे धडधडीत दिली. मग बाई म्हणाल्या, “आजी, डोक्याला मार आहे. तुम्ही यावं असं मला वाटतं. येता का?”

“नाही येत माय. याच गाडीत आमचे मालक गेले होते. मंग घरी आले ते चादरीत.”

आता मघाची गर्दी गप्प झाली. आम्हांला जो हट्ट वाटला होता, त्याच्या तळाशी एक मरण होते. बाईंनी वाद घातला नाही. डोक्याला मार लागल्यावर काही वेळ माणूस अगदी बरा वाटतो आणि आत मात्र कवटीखाली रक्त साचत राहते, असे कधी कधी होते, हे त्यांनी साध्या शब्दांत सांगितले. डोके वाढते दुखू लागले, उलटी झाली, बोलणे अडखळले, एक हात-पाय लुळा वाटला किंवा नेहमीपेक्षा जास्त गुंगी आली, तर तासाचाही उशीर न करता पुन्हा १०८ ला बोलवायचे. रात्री कुणीतरी जवळ जागे राहायचे. आणि आत्ता नाही म्हटले म्हणून मग हो म्हणता येत नाही असे मुळीच नाही, हेही सांगितले. कागदावर तसे लिहून आजीची सही घेतली, शेजारणीची साक्ष घेतली आणि गाडी रिकामी परत गेली.

यात सर्वांत मोकळा श्वास सोडला तो मोटारीच्या मालकाने. “त्या नाहीच म्हणतात, मग मी निघू?” असे त्याने दोनदा विचारले. तेव्हा हे सांगणे जरूर आहे की जखमीचा नकार ही धडक देणाऱ्याला मिळालेली पावती नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातले १३४ वे कलम मुद्दाम वाचण्यासारखे आहे. जमाव खवळला असेल किंवा इलाजच नसेल तेवढे सोडून, चालकाने जखमीला जवळच्या डॉक्टरकडे वा इस्पितळात पोचवावे, डॉक्टरने कागदी सोपस्कारांची वाट न पाहता उपचार करावेत, असे ते सांगते. आणि त्यालाच जोडून एक लहानसे वाक्य येते: जखमी माणसाची, किंवा तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाची, इच्छा निराळी असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे आजीचे ‘नाही’ कायद्यालाही ठाऊक आहे. पण त्याच कलमाप्रमाणे पोलिसांना खबर देणे चालकाला सुटत नाही. जागेवर पोलीस नसेल तर लवकरात लवकर, आणि कसेही करून चोवीस तासांच्या आत, ठाण्यात जाऊन सांगावेच लागते. आजी न गेल्याने तिची जखम खोटी ठरत नाही आणि त्याची जबाबदारीही संपत नाही.

नकाराच्या या हक्काला मोठ्या न्यायालयाचाही आधार आहे, आणि त्याच्या इतिहासात आपल्या मुंबईचे एक दुःख आहे. के. ई. एम. रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ साली अत्याचार झाला आणि त्या २०१५ पर्यंत, बेचाळीस वर्षे, त्याच रुग्णालयात शुद्ध हरपल्यासारख्या पडून होत्या. ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याची शक्तीच त्यांच्यात उरली नव्हती. त्यांच्याविषयीचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला. पुढे मार्च २०१८ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने दुसऱ्या एका खटल्यात स्पष्ट केले की जाणत्या, सज्ञान माणसाला उपचार नाकारण्याचा अधिकार आहे, मग तो उपचार जीव वाचवणारा का असेना. तेथे प्रश्न आयुष्याच्या अखेरीचा होता. पण देह ज्याचा, निर्णय त्याचा, हे तत्त्व रस्त्याच्या कडेला बसलेल्या म्हातारीलाही लागू पडते.

कुणी म्हणेल, मग ज्याने त्याने नाही म्हणावे आणि आपण हात झटकावे काय? तसे नव्हे. ‘नाही’ म्हणायला आधी शुद्ध जागेवर हवी. बेशुद्ध पडलेल्याची संमती मागत बसणे हा मूर्खपणा होय. १८६० च्या दंडसंहितेत यासाठी एक मासलेवाईक दाखला दिलेला होता: माणूस घोड्यावरून पडून बेशुद्ध झाला आहे आणि शल्यवैद्य त्याच्या भल्यासाठी, त्याला न विचारता, त्याच्या कवटीला छिद्र पाडतो, हा गुन्हा नव्हे. २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, पण तो घोडेस्वार तिच्या ३० व्या कलमात अजून पडलेलाच आहे. जो बरळतो आहे, ज्याला वार सांगता येत नाही, जो दारूने धुंद आहे, त्याचा नकार हा त्याचा नव्हे. तो त्याच्या दुखापतीचा किंवा बाटलीचा. आणि सायकलवरून पडलेले शाळकरी पोर ‘मला काही झालं नाही’ म्हणते ते बापाच्या भीतीने. त्याच्या बोलण्यावर गाडी परत धाडायची नसते.

दुसरी गोष्ट अशी की, पुष्कळांचे ‘नाही’ हे मनापासूनचे नसतेच. ते खिशाचे असते, पोलिसांच्या धास्तीचे असते, घरी चूल कोण पेटवील याचे असते. तेथे दटावण्यापेक्षा माहिती द्यावी. अपघातग्रस्ताला तातडीचे उपचार देणे हे सरकारी-खाजगी प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१९ साली कायद्यात १३४ अ हे कलम घातले गेले. मे २०२५ पासून तर रस्त्यावरच्या अपघातात सापडलेल्याला, योजनेत नोंदलेल्या इस्पितळांत, सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार पदरचे पैसे न भरता मिळण्याची तरतूद झाली आहे. हे ठाऊक नसलेल्या माणसाचा नकार हा हक्क कसला? ती नाइलाजाची दुसरी बाजू.

आणि आमच्या शेजारच्या गडचिरोलीत, भामरागडकडे, पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की वाटच बंद होते. आजाऱ्याला खाटेची कावड करून माणसे खांद्यावर वाहून नेतात. जेथे गाडी पोचतच नाही, तेथे ती नाकारायची कशी? ‘नाही’ म्हणण्याचे भाग्य ज्याला ‘हो’ म्हणता येते त्याचे.

आजीचे पुढे काय झाले, हे वाचकांच्या मनात आले असेलच. त्या रात्री दहाच्या सुमारास तिचे डोके ठणकू लागले आणि दोन उलट्या झाल्या. मुलगा दुसऱ्या पाळीहून नुकताच परतला होता. तो आईची समजूत कशी घालावी या विवंचनेत, तोच तिने स्वतःच लुगडे नीट केले आणि म्हणाली, “बलाव ती गाडी. त्या पोरीनं सांगतलं होतं ना, उलटी झाली तं बलाव म्हून.” डोक्यात थोडा रक्तस्राव निघाला, शस्त्रक्रिया करावी लागली नाही, काही दिवस देखरेखीखाली राहून ती घरी आली. येताना चादर तिच्या अंगावर नव्हती, काखेत गुंडाळलेली होती.

तिला दुपारीच बळाने नेले असते तर बरे झाले असते, असे आमच्या ओळीत अजून काही जण म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ते काही तास धोक्याचे होते आणि सगळ्याच आजी इतक्या नशीबवान नसतात. पण बळाने नेलेली म्हातारी वाटेत डॉक्टरशी खरे बोलली असती का, औषध मुकाट्याने घेतली असती का, हाही प्रश्न उरतोच. तिला कुणी समोर बसून विचारले होते, तिचे उत्तर ऐकून घेतले होते. म्हणून त्या परक्या मुलीचे शब्द रात्री दहा वाजता तिला आपल्या माणसाचे वाटले.

या दिवाळीत पाहुण्याच्या ताटात अनारसा जरूर वाढा. त्या ‘नको’चा अर्थ दोघांनाही ठाऊक असतो. रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या ‘नको’चा अर्थ मात्र आपल्याला ठाऊक नसतो. तो त्यालाच विचारावा लागतो, आणि त्यासाठी त्याच्या उंचीवर खाली बसावे लागते.