मामाच्या प्लॉटवर जर्मनीला

ड्रेस्डेनच्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं तेव्हा घरात पेढे आले, पण त्यानंतर चर्चा चालली ती प्लॉटचीच. निलंगा तालुक्यात मांजरेकाठी आमचं शेत आहे. त्याचा सातबारा घेऊन बाबा माझ्या शिक्षणाच्या कर्जासाठी बँकेत गेले. शेतजमीन तारण म्हणून चालत नाही, एन.ए. प्लॉट नाहीतर घर दाखवा, असं सांगून त्यांना परत पाठवलं. आयुष्यभर जिच्या जिवावर ऐटीत राहिलो, ती जमीन ऐनवेळी कागदच ठरली, हे बाबांना फार लागलं.

ड्रेस्डेनला शिकवणीची फी नाही म्हटल्यावर पाहुण्यांना वाटतं, पोरगी फुकटात चालली. पण व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी खात्यात अडकवावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ च हाती येतात. रुपयांत हे बारा लाखांच्या वर जातं. शेवटी मामाने लातूरच्या प्लॉटचे कागद काढून दिले. मामी काही बोलली नाही. उद्या तिच्याही पोराला पैसे लागणारच आहेत, तेव्हा ती काय बोलणार?

मी शिकायला चालले आहे ते पाणी. त्याची सुरुवात २०१६ च्या उन्हाळ्यातली. मांजरा धरण आटलं होतं, लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली आणि देशभर तिचे फोटो छापून आले. आमच्या गल्लीत टँकर मात्र त्याला वाटेल तेव्हा यायचा. घागरींच्या नंबराला मला उभं करून आई कामाला जायची. पुढे अभियांत्रिकीला नांदेडला गेले, तर कॉलेज विष्णुपुरीत, गोदावरीच्या धरणाजवळ. वसतिगृहात कुणी नळ चालू ठेवला की मी उठून बंद करायचे. "लातूरची उठली बघा," म्हणून मुली हसायच्या.

आणि निघायची वेळ आली ती नेमकी सप्टेंबर २०२५ मध्ये. मांजरा धरणाचे दरवाजे उघडलेले, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात, शेंगांना झाडावरच कोंब. आजी म्हणाली, "पाणी बघायला इतकं दूर कशाला जायलीस गं? दारात आलंय की!" घरात तेवढंच हसू झालं.

बाबा शेतातून आले ते गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. पाय धुतले आणि माझी बॅग घेऊन आडतीवर काट्याला लावायला निघाले. तेवीस किलोच्या वर चालत नाही, आणि आईने काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ असं सगळं कोंबलेलं. काय काढायचं यावरून आम्ही मायलेकी भांडलो. बाबांनी मसाला राहू दिला आणि माझी पुस्तकं काढली.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं. पंचनामा कधी होणार, तलाठी आला का, विमा मिळेल का, या बोलण्यातून मी आता बाहेर पडणार होते. आणि असं वाटलं म्हणून रात्रभर झोपही आली नाही. दोन्ही एकाच दिवशीचं आहे.

बाबांनी एकच विचारलं, "तिथं पूर येतो का?" येतो, म्हटलं. २००२ च्या ऑगस्टमध्ये एल्बे नदी ड्रेस्डेनला ९.४० मीटरवर गेली होती. "मग त्यांनी नंतर काय केलं, तेवढं शिकून ये," ते म्हणाले. मामाचं म्हणणं वेगळं. पदवीनंतर नोकरी शोधायला तिथं १८ महिने मिळतात, हे त्याने कुठून तरी काढलं होतं. "यायची घाई करू नको, आधी नोकरीला लाग," त्याचा सल्ला.

दोघांचंही बरोबर आहे, पण दोन्ही एकदम होणार नाही. इकडच्या पगारात हे कर्ज लवकर फिटत नाही, आणि तिकडे जास्त राहिलं की माणूस तिकडचाच होतो. आमच्याकडून पुण्याला गेलेली पोरंसुद्धा कुठं परत येतात! माझ्यापुरतं मी ठरवलं आहे: आधी मामाचे कागद सोडवायचे, मग मांजरा.

कर्जाचे हप्ते शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. तेव्हा पाहुणे मंडळींनो, परत कधी येणार हे मला आताच विचारू नका. विचारायचंच असेल तर काही वर्षांनी मामाला विचारा, प्लॉटचे कागद हातात आले का म्हणून.