चाकांवरचें लंडन

स्टीमपंक हा शब्द के. डब्ल्यू. जेटर या अमेरिकन लेखकानें १९८७ मध्यें थोड्या थट्टेनें योजिला आणि तो रूढ होऊन बसला. वाफेच्या यंत्रांचें युग संपलेंच नाहीं, असें मानून रचिलेल्या कथा, इतकाच त्याचा अर्थ. अशा कथांत पितळेचीं चक्रें आणि धूर इतका असतो, कीं माणसें शोधून काढावीं लागतात. आमच्या धाकट्या कन्येनें फिलिप रीव्ह यांची ‘मॉर्टल एंजिन्स’ (२००१) आमच्या मेजावर आणून ठेविली. कादंबरी कुमारवयीन वाचकांसाठीं लिहिलेली; परंतु तिनें आम्हांस दोन रात्री जागविलें.

एका महायुद्धानें पृथ्वी उद्ध्वस्त झाल्यास शतकें लोटलीं आहेत. शहरें आतां प्रचंड चाकांवर धांवतात, लहान गांवें गिळतात आणि त्यांचें लोखंड, इंधन व माणसें पचवितात. याला तेथील लोक ‘म्युनिसिपल डार्विनिझम’ असें भारदस्त नांव देतात. आपल्या जुन्या नीतिकारांनीं यालाच मत्स्यन्याय म्हटलें. राजदंड नसला म्हणजे तो माजतो, असें ते सांगत. रीव्ह यांच्या लंडनमध्यें राजदंडधारीच तो चालवितात, एवढाच फरक!

हें लंडन सात मजल्यांचें. माथ्यावर सेंट पॉलचें मंदिर व श्रीमंतांचीं घरें. खालीं उतरत जावें तसा उजेड कमी, धूर अधिक. आणि तळाशीं शहराचें पोट, जेथें गिळलेलीं गांवें मोडलीं जातात. तेथेंच कैदी मैल्यांत राबतात.

आरंभींच हें शहर उत्तर समुद्राच्या आटलेल्या तळावर एका चिमुकल्या खाणगांवाचा पाठलाग करीत असतें. संग्रहालयांत धूळ झाडणारा टॉम हा पोरका, तिसऱ्या वर्गाचा उमेदवार. पण काम टाकून तो ही शिकार पाहावयास पळतो आणि गर्दीबरोबर हर्षभरित होतो. या हर्षापाशीं आम्ही थबकलों. आमचे वडील मुंबईच्या एका कापडगिरणींत सांचेखात्यांत होते. रात्रीं परतले कीं केसांत कापसाचे तंतू असत. तरी शेजारच्या गिरणीहून ‘आमच्या गिरणी’चें कापड सरस, हें ते छाती पुढें काढून सांगत. १९८२ चा संप झाला, आणि त्या ‘आमच्या’ गिरणीनें त्यांस पुन्हां आंत घेतलें नाहीं. तरीही पुढें कित्येक वर्षें कोणाच्या अंगावरचें धोतर ते बोटांनीं चाचपून पाहात, आणि तें आपल्या गिरणीचें निघालें कीं त्यांची मुद्रा खुले.

टॉमची फसगत फार लवकर होते. व्हॅलेंटाइन हा त्याचा आदर्श पुरुष. त्याच्यावर सुरी घेऊन धांवलेल्या हेस्टर शॉला टॉम अडवितो. पण तिचें नांव आपणांस कळलें, इतकें बोलतांच व्हॅलेंटाइन त्याला घसरगुंडींतून शहराबाहेर ढकलून देतो. निष्ठेचें हें वेतन! येथें दुसरा लेखक असता तर चिखलांत पडल्यापडल्याच मुलगा बंडखोर झाला असता. रीव्ह तसें करीत नाहींत. टॉम लंडनच्या चाकोरीमागून पायीं चालूं लागतो. त्याला परत घरीं जावयाचें आहे. वर्गभेदाविषयीं एवढें खरें निरीक्षण आम्हांस मोठमोठ्या ग्रंथांतही क्वचित् आढळलें.

एक उणीव मात्र खटकते. तळाच्या कैद्यांची दशा आपणांस दिसते ती मुख्यतः व्हॅलेंटाइनची कन्या कॅथरीन हिच्या, म्हणजे माथ्यावरच्या मुलीच्या, डोळ्यांनीं. त्यांना स्वतःस बोलावयास फारसें मिळत नाहीं. आमच्या कन्येस हा आक्षेप मान्य नाहीं. “ती खालीं उतरली तरी, बाबा,” असें ती म्हणते. यावर आमचें उत्तर तयार होतें, परंतु तिनें तें ऐकून घेतलें नाहीं.

२०१८ मध्यें या कथेवर चित्रपट निघाला. त्यांत शहर फार देखणें धांवतें. पुस्तकांतील हेस्टरचा चेहरा घावानें पार विद्रूप झालेला आहे. पडद्यावर त्याचा एक बेताचा व्रण तेवढा उरला आहे. कन्या त्याबद्दल अद्यापि रागावलेली आहे.