राजा बोले, दळ हाले?

प्रेमचंदांच्या ‘शतरंज के खिलाडी’ या १९२४ सालच्या कथेतलं रूपक शाळकरी मुलालाही सांगता येईल. लखनौत कंपनीची फौज शिरते, नवाब वाजिद अली शाह कैद होतो आणि मिर्झा सज्जाद अली व मीर रौशन अली हे दोन जहागीरदार गोमतीपलीकडच्या पडक्या मशिदीत बुद्धिबळाचा पट मांडून बसलेले असतात. राज्य गेल्याचं त्यांना काहीच नाही. पटावरच्या चालीवरून मात्र तलवारी निघतात आणि दोघंही मरतात. ऐदी सरंजामशाही संपली, समीकरण सुटलं.

पण ‘राजा बोले, दळ हाले’ ही म्हण या कथेशेजारी ठेवली की गणित बिघडतं. पटावरचा राजा कधी बोलत नाही, तरी दळ हालतं. लखनौचा राजा तर बोलका, ठुमऱ्या रचणारा. फेब्रुवारी १८५६ मध्ये कंपनीचा रेसिडेंट आउट्रम यानं पुढे केलेल्या करारावर त्यानं सही केली नाही, पण लढायचंही नाही असं ठरवलं. तोफा उतरवल्या गेल्या. म्हणजे दळ हाललं नाही ते राजा बोलला म्हणूनच! मग मिर्झा-मीर यांचा गुन्हा नेमका कोणता? पुढल्याच वर्षी हाच मुलूख पेटून उठला. राजा तेव्हा कलकत्त्यात होता आणि लखनौत बेगम हजरत महल उभी राहिली. म्हणीत बेगमेचा उल्लेखच नाही. (उत्तरार्ध आहे तो काजीचा: त्याची फक्त दाढी हालते.)

प्रेमचंदांनाही ही अडचण जाणवली असावी. दोघं भित्रे नाहीत, वैयक्तिक शौर्य त्यांच्यात भरपूर आहे, असं ते स्वतःच नोंदवतात. इथं पात्रं रूपकाच्या हातून निसटतात. नुसत्या प्रतीकाला असं मरता आलं नसतं.

सत्यजित रायांनी १९७७ च्या चित्रपटात त्यांना मरू दिलं नाही. गोळी निसटती जाते, रुसवा निघतो आणि पुन्हा डाव मांडला जातो, तोही इंग्रजी पद्धतीनं. रूपक यामुळे अधिक तिखट झालं की सौम्य? दोन्ही म्हणता येतं.

राहून राहून लक्ष जातं ते मीरच्या बेगमेकडे. मिर्झाची बायको डोकं दुखतंय म्हणून नवऱ्याला बोलावून थकते आणि शेवटी सोंगट्या बाहेर भिरकावते. मीरच्या बायकोला उलट नवरा घराबाहेरच हवा आहे. शाही फौजेचा एक घोडेस्वार दारात येऊन मीरला हुडकतो, मीरची गाळण उडते आणि खेळ मशिदीत हलतो. स्वार तिच्याच मर्जीतला. सबंध कथेत हवी ती चाल खेळून डाव जिंकणारी ही एकटीच आणि अवधच्या पतनाचं कोणतंही रूपक तिला नीट लागू होत नाही. ती ऱ्हासाची खूण म्हणावी, तर कथेत तिच्याइतकं जागं दुसरं कुणी नाही.

दोन्ही बेगमांना प्रेमचंदांनी नावं दिलेली नाहीत. ती रायांनी दिली: खुर्शीद आणि नफीसा.